आकड्याची तार कोणाची होती

मी, केसरीनाथ बाळाराम केणे, वय वर्षे एकोणसत्तर, राहणार पूर्णा, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, धंदा पूर्वी भातशेती आणि यंत्रमाग, हल्ली गोदामांच्या भाड्यावर बसून खाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही आणि सकाळपासून चहाखेरीज काही घेतलेले नाही. सन १९९८ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. त्यातली निम्मी पाने माझा चुलतभाऊ नवशा याला काय काय देऊ नये यावरच खर्च झाली होती. ते रद्द समजावे.

वकिलांनी मला छापील मसुदा आणून दिला. तो चांगला आहे, पण त्यात सखीचे नाव कुठे घालावे ते मला सापडेना. म्हणून मसुदा बाजूला ठेवून मी आपल्या पद्धतीने लिहीत आहे. सखी बुधा वरठा ही बाई २२ ऑगस्ट २००० रोजी माझ्या मागाच्या शेडजवळ विजेचा धक्का लागून मेली. ती कशी मेली याबद्दल मी पोलिसांपुढे खोटे बोललो आणि तिच्या नवऱ्यावर चोरीचा डाग लावला. तो डाग पुसणे हे या कागदाचे पहिले काम. घरदार कोणाला, हे दुसरे.

कलम १. राहते घर, ओटा, परसू आणि परसातला नळ माझी पत्नी सौ. सीताबाई हिला तिच्या हयातभर. स्वयंपाकघरातली मधली भिंत तिच्या म्हणण्याप्रमाणे पाडावी. मी तीस वर्षे नको म्हणत आलो. का ते आता मला आठवत नाही.

कलम २. रस्त्याकडची दोन्ही गोदामे माझा मुलगा चांगदेव याला. तो कष्टाळू आहे, पण गावात आपल्याला लोक काय म्हणतील याची त्याला फार काळजी. ती त्याने माझ्याकडूनच उचलली, त्यामुळे मी त्याला दोष देत नाही. या मृत्युपत्राची कुणकुण लागल्यावर तो मला म्हणाला, "अण्णा, मेलेल्या बाईला आथा काय फरक परतो? जित्यांची इज्जत जाईल." मी म्हटले, जाऊ दे, ती आपली नव्हतीच. तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी स्वतः रिक्षा करून मला वकिलांकडे घेऊन गेला. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

कलम ३. सहा माग होते ते भंगारात गेले. एक लाकडी धोटा उरला आहे, तो नात रुचिका हिला द्यावा, तिला तो लहानपणापासून होडी वाटतो. माळ्यावर एक बारा हात लांब बांबू आहे, टोकाला लोखंडी आकडा बांधलेला. तो कोणालाही देऊ नये. माझ्या सरणावर घालावा. का ते पुढे येईल.

कलम ४. बुधा वरठा हा गणेशपुरीकडच्या पाड्यावरचा. तरुणपणी माझ्याकडे शेतावर गडी म्हणून आला आणि शेडच्या मागे झोपडी बांधून राहिला. सखी त्याची बायको. दोघे नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास येशूच्या प्रार्थनेला टेमघरला जाऊ लागले. मला त्याचे काही वाटले नव्हते. बुधाची दारू सुटली, हा माझाच फायदा होता.

अडचण राखणीला आली. लावणी उरकली की आम्ही शेताच्या राखणदार देवाला कोंबडा देतो, रक्त बांधावर शिंपडतो, मग तो वर्षभर शेत राखतो. माझ्या आजापासूनची ही रीत. आमच्याकडे कोंबडा कापायचे काम बुधाचे. इतकी वर्षे त्याने ते केले, २००० साली मात्र तो हात मागे धरून उभा राहिला.

"शेट, मी न्हाय कापनार. जेचा रगत सांडाचा व्हता तेचा सांडून झाला. आथा कोंबरा कशाला मारतंस?"

"कोनाचा रगत?"

"येशूचा."

मी म्हटले, तुझा येशू माझे भात राखायला येणार आहे काय? तर मागून सखी हसून म्हणाली, "काका, तुमचा कोंबरा तरी कुठं राखतो? गेल्या साली डुकरा शिरलीच ना!"

बांधावरची सगळी माणसे हसली. लोकांना मी नंतर सांगत आलो की या दोघांनी आमचा धर्म बाटवला म्हणून मला राग आला. खरे असे आहे की लोक मला हसले म्हणून राग आला. घरी येऊन मी परसातल्या नळाची तोटी काढली, नळाला बूच मारले आणि तोटी खिशात घातली. झोपडीला पाणी त्याच नळावरून जात असे. सीताबाई म्हणाली, "अवो, पान्यावर कोनी राग काढतो का?" मी तिलाही गप्प केले. सखीने त्यामुळे कामाला येणे सोडले नाही, कुरकुर केली नाही. पाणी मात्र लांबच्या विहिरीवरून आणू लागली. तिची वाट माझ्या शेडवरून जात होती.

कलम ५. २२ ऑगस्टचे खरे असे. तीन दिवस झड लागली होती. आमच्याकडे त्या काळी विजेच्या उघड्या तारेवर बांबूने आकडा टाकायचा आणि फुकट वीज ओढून माग चालवायचे, हे घरोघरी होते. याला कोणी चोरी म्हणत नसे, आकडा म्हणत. माझा आकडा वाऱ्याने निसटला. मागावर शेवटचे कापड उतरायचे राहिले होते आणि व्यापाऱ्याचा टेम्पो संध्याकाळी येणार होता. मी महादू तरे या वायरमनला बोलावले. तो म्हणाला, "काका, सगला वला हाय. आज हात नको लावू. उद्या बघू." मी त्याला भित्रा म्हटले, आणखीही बरेच म्हटले, आणि बांबू घेऊन स्वतः आकडा टाकला. आकडा बसला, पण तार घसरून शेडच्या पत्र्यावर पडली. ते मी पाहिले नाही. मी शेडचे लोखंडी दार उघडायला कडी धरली आणि कडीने मला धरले.

ओरडता येत नव्हते. डोळे उघडे होते. सखी विहिरीकडून येताना दिसली, डोक्यावर हंडा, कडेवर पाच वर्षांची पोर पूर्वा. एवढेच मी पाहिले. शुद्ध आली तेव्हा मी दोन हात लांब चिखलात पडलो होतो आणि दाराशी, मी होतो त्या जागी, सखी होती. महादूने धावत येऊन बांबूने तार पाडली. उशीर झाला होता. ती अठ्ठावीस वर्षांची होती. नळाची तोटी माझ्या खिशात होती.

कलम ६. संध्याकाळी पोलीस आले. त्यांनी विचारले, तार कोणाची? मी म्हणालो, बुधाची, झोपडीत दिवा लावायला त्याने ओढली होती, बाई ती नीट करायला गेली आणि मेली. बुधाच्या झोपडीत दिवाच नव्हता, रॉकेलची चिमणी होती. कोणी वाकून बघितले असते तरी कळले असते. पण केणेशेट सांगतात म्हटल्यावर वाकणार कोण! महादू जमिनीकडे बघत राहिला. मी हे आधी ठरवलेले नव्हते. तोंडातून ते सरळ आले, आणि त्याचीच मला अजून भीती वाटते.

बुधा सखीला दवाखान्यात ठेवून तसाच ओल्या कपड्यांनी आला होता. माझे दोन्ही हात पट्ट्यांत होते. त्याने माझा जबाब ऐकला. मला वाटले आता हा माझ्या नरडीला धरतो. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "शेट, तू बरा हाय ना?"

मी मान हलवली. मग तो पोलिसांना म्हणाला, "लिवा सायेब," आणि अंगठा दिला. पुढे तीन वर्षे तो तारखांना जात राहिला. शेवटी दंड भरून सुटला. गावात त्याला आकडेचोर हे नाव पडले, ते पोरेसोरेही घेऊ लागली. मी घरी बसून ऐकत होतो.

म्हणून मी येथे स्पष्ट लिहितो: आकड्याची तार माझी होती. बांबू माझा होता. बुधाने चोरी केली नाही, सखीने वायर ओढली नाही. सखी मला सोडवताना मेली.

कलम ७. आता जे लिहितो त्याला कायद्यात जागा आहे की नाही, माहीत नाही. पण सात वर्षे मी एकाच गोष्टीच्या मागे होतो: दारात वीज उतरली आहे हे तिला ठाऊक होते का?

कारण ठाऊक नसेल तर तो अपघात. पडणाऱ्याला कोणीही हात देतो. महादूला विचारले, तो म्हणाला, "मानूस धावतो काका, इचार कुठं करतो?" डॉक्टरही तेच म्हणाले. मला बरे वाटले. पण बरे वाटून दोन दिवस जात आणि पुन्हा प्रश्न उभा राही. ज्या माणसाने पाणी तोडले त्याच्यासाठी पाय आपोआप धावतील का? माझे धावले असते का? नवशासाठी? छे.

शेवटी मी टेमघरच्या प्रार्थनागृहात गेलो. मी ख्रिस्ती झालेलो नाही, होईन असे वाटत नाही, राखण अजून देतो. फक्त विचारायला गेलो. तिथले पास्टर शांत माणूस. त्यांच्यात असे मानतात की माणूस चुकलेला असताना, त्याने काही दिलेले नसताना, माफीसुद्धा मागितलेली नसताना, देवाचा पुत्र त्याच्या जागी क्रूसावर मेला आणि माणूस सुटला. तेच तारण. मी विचारले, चांगल्या माणसांसाठी ना? ते म्हणाले, नाही. मी म्हटले, मग बदल्यात काय घेतो? म्हणाले, काही नाही, फक्त मिळाले ते घ्यायचे. मला पटले नाही. आम्ही देवाला कोंबडा देतो, देव शेत राखतो, दोघांचे चोख. देवानेच आपल्या बाजूने रक्त द्यावे आणि तेही कुणाला, तर नळाची तोटी खिशात घालून हिंडणाऱ्याला? असा व्यवहार मी भिवंडीच्या बाजारात पाहिला नाही. पास्टरना मी तसे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "केणेकाका, मी नुसता सांगतो. सखीताईने केलं. मलाही तिलाच विचारायचं होतं." त्यानंतर मी चार-पाच वेळा गेलो. मागे बसतो. गाणी बरी असतात.

उत्तर मिळाले ते घरातच. माझी नात रुचिका आणि बुधाची पूर्वा एका वर्गात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दोघी शेडच्या पुढे अभ्यास करत होत्या. शेडच्या अलीकडे जुन्या खळ्याची एक दगडी पायरी आहे. रुचिका तीवर बसली होती, पूर्वा जमिनीवर. मी म्हटले, "अगं, पायरीवर बस की, खाली मुंग्या आहेत."

"मी तिथं नाय बसत, आजोबा."

"का गं?"

ती वहीत बघतच म्हणाली, "आईने मला तिथंच बसवलं व्हतं. हंडा खाली ठेवला, मला बसवलं नि म्हणाली, दाराला करंट आलाय. मी येईपर्यंत उठलीस तं तंगडी मोडीन."

मी विचारले, "मग तू कधी उठलीस?"

"बाबा आले तेव्हा. काळोख पडला होता."

म्हणजे तिला ठाऊक होते. तिने मला पाहिले, दार पाहिले, करंट ओळखला. हंडा उतरवला, पोर लांब बसवली, पोरीला धाक घातला आणि मग आली. एवढे सगळे करायला जितका वेळ लागतो, तितका वेळ तिच्याकडे परत फिरायला होता. मी त्या पायरीवर बसलो आणि रडलो. दोन्ही पोरी घाबरून सीताबाईला बोलवायला पळाल्या.

कलम ८. दुसऱ्या दिवशी मी बुधाकडे गेलो. तो मासे धरायची टोपली विणत होता. मी म्हटले, शेड आणि शेडखालची जागा तुझ्या नावावर करतो.

"कशाला?"

मी सखीचे नाव घेतले. तो विणायचा थांबला.

"सखीचा मोल करतंस, शेट?"

मी म्हटले, तसे नव्हे. पण तसेच होते. मग मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारले, की पोलिसांपुढे तू खरे का बोलला नाहीस?

तो म्हणाला, "खरा बोललो असतो तं तुला धरून न्हेला असता. मंग सखी कशापायी मेली?"

मी त्याच्या टोपलीजवळ खाली बसलो. मग विचारले, तुला माझा राग नव्हता आला?

"येतो ना. आजून येतो. सकालचा उठतो नि देवाला सांगतो, आज पन शेटला सोर, माफी कर. उद्याचा उद्या बघू."

मी त्याला सांगितले की मी आता खरे लिहून ठेवणार आहे आणि सह्या होण्याआधी ते पायरीजवळ उभा राहून गावासमोर वाचणार आहे. मेल्यावर वाचा म्हणणे सोपे, मेलेल्याला कोण शिव्या देतो! बुधा म्हणाला, "मंग मना साक्षीदार कर. बाकी काय नको." वकिलांचे म्हणणे पडले की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मी बुधाला तसे सांगितले, जागा किंवा सही, दोन्हीतले एक. "सही," तो म्हणाला आणि पुन्हा विणायला लागला.

म्हणून बुधा लखमा वरठा याला मी काहीही देत नाही. शेड चांगदेवकडे जाईल. पायरी मात्र हलवू नये, तिथे गोदाम आले तरी.

झोपडीखालची जागा कु. पूर्वा बुधा वरठा हिच्या नावे होईल. हे बक्षीस नव्हे. ती तिथे जन्मली, माझ्या माणसांनी तिला उठवू नये, एवढीच ही व्यवस्था आहे. बुधा यावर म्हणाला, "तिचा ती बघंल."

कलम ९. आता नवशा. नवशा धर्मा केणे, माझा चुलतभाऊ. याने बांधाचा दगड रातोरात हातभर सरकवला. माझ्या आईच्या दहाव्याला आला नाही. माझ्या चांगदेवच्या वरातीत आपला ट्रॅक्टर आडवा लावला आणि नादुरुस्त आहे म्हणाला. जांभळाखालच्या वाफ्यासाठी आम्ही एकोणीस वर्षे कोर्टात होतो. वाफा मी जिंकला.

बुधाच्या झोपडीतून मी परत येत होतो तेव्हा नवशा आपल्या हद्दीतला पाचोळा माझ्या हद्दीत लोटत होता. मला पाहूनही थांबला नाही. मी उभा राहिलो. मनात आले, सखीच्या बाजूने हे कसे दिसत असेल? बुधा माझ्याकडून काही घेत नाही, सखीला काही पोचवायची सोय नाही. पण जो लायक नाही त्याला द्यायचे म्हणजे आतून काय होते, हे एकदा बघावे तरी.

तर जांभळाखालचा वाफा, जांभळासकट, मी नवशाला देतो. मी मरायची वाट न बघता खरेदीखताऐवजी बक्षीसपत्र करून देणार आहे, येथे फक्त नोंद. त्याने मागितलेला नाही. त्याची लायकी नाही, हे मी मुद्दाम लिहितो. लायकी असती तर मी दिला नसता, तो त्याने कोर्टात मिळवला असता. वकिलांनी अट घातली होती की नवशाने आधी माफी मागावी. अट मला फार आवडली होती. दोन दिवस मी ती राहू दिली, मग खोडली.

आतून काय होते, म्हणाल तर सांगतो: पहिले दोन दिवस पोटात दुखले. नंतर झोप चांगली लागली. आणखी काय होते ते अजून बघतो आहे.

कलम १०. परसातला नळ सीताबाईच्या पश्चातही सर्वांना उघडा राहील. कोण कुठल्या देवाचा, हे पाणी भरायला येणाऱ्याला विचारू नये. नळाची ती जुनी तोटी माझ्या उशाखाली आहे. ती माझ्याबरोबर जाऊ द्यावी. अंत्यविधी आमच्या रीतीप्रमाणे करावेत. त्या दिवशी टेमघरची मंडळी गाणी म्हणायला आली तर त्यांना चांगदेवने अडवू नये, चहा द्यावा.

येथवर जे लिहिले ते आज सकाळी मी पायरीजवळ उभा राहून वाचले. पन्नास-साठ माणसे होती. कलम सहा वाचताना माझा आवाज गेला, ते महादूने पुढे वाचले. नवशा शेवटपर्यंत उभा होता आणि कलम नऊ संपताच काही न बोलता निघून गेला. तो काय म्हणणार होता ते कळायला मला आवडले असते. बुधा पहिल्यांदाच सर्वांच्या पुढे बसला होता. लोक पांगल्यावर पूर्वा पायरीवर जाऊन बसली. आम्ही कोणी तिला सांगितले नव्हते.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, तो खरा आहे, आणि तो माझाच आहे असे समजून सही करतो.

ठिकाण: मौजे पूर्णा, जुन्या खळ्याजवळ
दिनांक: १७ फेब्रुवारी २००८

(सही) केसरीनाथ बाळाराम केणे

साक्षीदार:

१. महादू गोपाळ तरे, वायरमन, राहणार पूर्णा. केसरीनाथ केणे यांनी माझ्यासमोर सही केली. २२ ऑगस्ट २००० रोजी मीही खोटे पाहून गप्प राहिलो होतो, हेही येथे लिहून देतो. (सही)

२. बुधा लखमा वरठा, राहणार पूर्णा. वकिलांनी सांगितले की साक्षीदाराने, मृत्युपत्र करणारा शुद्धीवर व प्रकृतीने ठीक आहे असे आपल्या शब्दांत लिहावे. बुधाने अंगठा न देता पूर्वाने शिकवलेल्या अक्षरांत खालील ओळ स्वतः लिहिली:

शेट माज्या म्होरं सही केला. शेट बरा हाय. बुधा.